आपला माणूस आधी ठोठावतो

विष्णू गुहागरकडचा सुतार, तिकडे आखातात अल कुसैसमध्ये शटरिंगच्या कामाला. हातात कसब, तोंडात शिवी आणि पोटात माया, असा माणूस. मुकादमाच्या माराला कंटाळून गावचा नागेश कंपनीतून पळाला, तेव्हा बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले; विष्णूनं त्याला खोलीत घेतलं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, व्हिसा संपलेला. अशा माणसाला तिकडे खल्लिवल्ली म्हणतात, म्हणजे गेला उडत. सापडला की आधी तुरुंग, मग विमान.

त्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये धाड पडली. ठोठावणं नाही, हाक नाही. लाथ मारून थेट आत. नागेशची झोपच उडाली.

खोलीतले वडीलधारे राजाभाऊ पेपर वाचणारे. ते म्हणाले, "अमेरिकेत काही स्टेटमध्ये कायदा आहे, पोलिसांनी आधी नॉक करायचं."

"मग जा अमेरिकेला," विष्णू म्हणाला. "आपला कायदा आपण करू. आपला माणूस आधी ठोठावणार, मगच आत. न ठोठावता दार उघडलं की पोलीस समज, नागेश. यल्ला, पळ, मागच्या खिडकीतून पाईप धरायचा."

सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे दाराला आतून कडी कधीच नसे. पोलिसांना बांधणारा कायदा करणं या बिचाऱ्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःलाच बांधून घेतलं. नागेश मात्र पुन्हा झोपायला लागला, आणि विष्णूला तेवढंच हवं होतं.

एका शुक्रवारी दुपारी विष्णूनं खालच्या सामाईक स्वयंपाकघरात बांगड्याचं तिखलं केलं, खास नागेशला आवडतं म्हणून. टोप कढत, फडकं तोकडं. हात पोळायला लागले तसा तो धावतच जिना चढला आणि दार पायानं ढकललं.

खिडकीत त्याला नागेशची पाठ दिसली. "अरे, मी" एवढं तोंडातून निघेपर्यंत खिडकी रिकामी झाली. दोन मजले. पाईप नागेशच्या हाताला लागलाच नाही.

खरे पोलीस त्यानंतर आले. अधिकारी वयस्कर होता, हिंदी बोलायचा, आवाजही मऊ.

"ये भागा क्यों? किससे डरा?"

"मेरे से," विष्णू म्हणाला. त्याच्या तळव्यांवर फोड आले होते. "मैंने दरवाज़ा ठोका नहीं."

अधिकाऱ्यानं राजाभाऊंकडे पाहिलं, मग पुन्हा विष्णूकडे. त्याला खरोखरच काही कळेना.

"अपने ही रूम का दरवाज़ा कौन ठोकता है?"

राजाभाऊंनी मान खाली घातली. विष्णूनं सांगायला तोंड उघडलं आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.