इंजिन फिरतं, पण पकडत नाही

नारळी पौर्णिमा होऊन तिसरा दिवस होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. आमची होडी कोळीवाड्याच्या धक्क्याला बांधलेली आणि बाबा तिच्या पोटात, इंजिनापाशी दुमडून बसलेले. मी वर चावी फिरवत होते. सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरायचं आणि चावी सोडली की गप्प व्हायचं. ठोका नाही, धूर नाही.

"फिरतंय, पण पकडत नाही," बाबा म्हणाले. "थांब आता. बॅटरी मारशील."

पहाटे आम्ही दोघं डोल लावून आलो होतो. खलाशी गावाहून परतला नव्हता, म्हणून मी. बायकांनी होडीवर चढू नये असं म्हणणारे आमच्या गल्लीत अजून आहेत, त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे. डोल म्हणजे भरतीच्या ओढीला तोंड करून उभी राहणारी लांब पिशवी. पाणी थांबायच्या आत ती उचलावी लागते. ओहोटी लागली की पिशवी उलटी फिरते, समुद्रात रोवलेल्या खुंटांभोवती गुंडाळते आणि फाटते. आमच्या दोन जाळ्यांपैकी एक गेल्या वर्षी खाडीतल्या प्लास्टिकने गेलं होतं. दुसरं आई-बाबांनी पावसाळाभर घराच्या ओट्यावर बसून दुरुस्त केलं होतं, आणि तेच आता समुद्रात होतं. भरती एकच्या सुमाराला संपणार होती. तिथवर जायला चाळीस मिनिटं. म्हणजे बाराच्या आत इंजिन चालू व्हायला हवं होतं.

दुसऱ्या कुणाची होडी मागायची तर धक्क्यावर दुसरी होडी नव्हतीच. ज्याचं त्याचं जाळं ज्याने त्याने उचलायचं होतं.

परत येताना शेवटच्या वळणावर इंजिन खोकायला लागलं होतं आणि धक्क्याला लागता लागता बंद पडलं. बाबांनी आधी स्टॉपची दोरी पाहिली. ती ओढलेली राहिली की इंजिन नुसतं फिरत राहतं. दोरी आत होती. मग हवेच्या फिल्टरमध्ये चिंधी वगैरे अडकलीय का ते पाहिलं. तेही साफ. बाबा पान्यासाठी पेटी उपसू लागले. 

"डिझेलमध्ये पाणी आहे," मी म्हणाले. "काल संध्याकाळी भरलं, आज बंद पडलं. अजून काय पुरावा पाहिजे?"

"पुरावा पाहायचा असतो, बाय. सांगायचा नसतो."

मी ज्या घरात वाढले तिथे वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. मच्छीमारांच्या मोर्चांची, खाडीतल्या भरावाविरुद्धची, डिझेलच्या भावाची. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्या कागदांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती: गरिबाचं नुकसान झालं की कुठेतरी कुणीतरी चोर असतोच. म्हणून बाबा पाना शोधत होते तेवढ्यात मी धक्क्यावर उडी मारली आणि तडक डिझेलच्या पंपावर गेले.

पंप चालवणारे काका मूळ मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते, हे इथे पंपावर. बाबांचे पत्त्यातले भिडू. रांगेत तीन-चार माणसं कॅन घेऊन उभी होती. त्यांच्यासमोरच मी म्हणाले, "तुमच्या डिझेलमध्ये पाणी आहे. आमचं इंजिन बंद पडलंय. जाळं फाटलं तर जबाबदार तुम्ही. आणि हे मी सगळ्या कोळीवाड्याला सांगणार आहे."

काकांनी हातातला पाईप शांतपणे जागेवर लावला.

"माझ्या डिझेलाक नाव ठेवतंस?"

"पुरावा आहे."

"खय आसा? माका दाखव." त्यांनी पंपाला कुलूप घातलं. रांगेतल्या माणसांना म्हणाले, "थांबा रे. हिचो पुरावो बघून येतंय." ती माणसं कसली थांबतात? कॅन तिथेच ठेवून सगळी मागोमाग धक्क्यावर आली.

काका होडीत उतरले. बाबांकडे बघून म्हणाले, "तुझी पोरगी वकील झाली काय?"

"अजून नाही," बाबा म्हणाले. "पण फी घेतेय."

काकांनी डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल केला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं डिझेल काढलं. बाटली उन्हात धरली आणि मग माझ्या हातात दिली. "बघ. पाणी खाली बसता."

मी पाहिलं. वळवून पाहिलं, तिरकी करून पाहिलं. खाली काहीही बसलेलं नव्हतं. धक्क्यावरून कुणीतरी म्हणालं, "चष्मा देऊ का?"

"आता चावी मार," काका म्हणाले. मी मारली. "धूर येता?"

"नाही."

"पाणी गेला असता तर पांढरो धूर इलो असतो. हय धूरच नाय. म्हणजे डिझेलच पोचणा नाय." त्यांनी टाकीकडून येणारी नळी काढली. तिच्यातून दोन थेंब पडले आणि थांबले. टाकी तर अर्ध्याहून जास्त भरलेली. काका क्षणभर नळीकडे बघत बसले, मग टाकीकडे सरकले आणि झाकण फिरवलं. ते सहज निघेना. जोर लावल्यावर फुस्स असा आवाज झाला, आत हवा ओढली गेली आणि नळीतून डिझेलची धार लागली. ती बाबांच्या गुडघ्यावर पडली. बाबांनी गुडघा हलवला नाही.

काकांनी झाकण उलटसुलट केलं. मधोमध सुईएवढं भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी त्यातून हवा आत येते. ते भोक दिसत नव्हतं. त्याच्यावर निळ्या ऑइलपेंटचा जाड थर होता.

"रंग कोणी लावलो?"

पूजेआधी होडी मी रंगवली होती. झाकण गंजलेलं वाईट दिसत होतं, म्हणून त्याला दोन हात जास्त दिले होते.

"मी," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. काकांनी खिशातून टाचणी काढली, भोक मोकळं केलं आणि झाकण बाबांच्या हातात दिलं. मग दोघांनी मिळून नळीतली हवा काढली. बाबा फिल्टरजवळचा छोटा हातपंप दाबत होते आणि काका सैल केलेल्या स्क्रूकडे बघत होते. आधी बुडबुडे आले, मग फेस, मग नुसतं डिझेल. स्क्रू आवळला. मोबाईलमध्ये अकरा पंचावन्न झाले होते.

"मार," बाबा म्हणाले.

बॅटरी थकली होती. इंजिन एकदा अडखळत फिरलं, दुसऱ्यांदा त्याहून हळू. तिसऱ्यांदा त्याने एक ठोका दिला, काळा धूर सोडला आणि पकडलं. मी तिथेच फळीवर बसले.

काका धक्क्यावर चढले. बाबांनी दोर सोडला. होडी हलायला लागली तेव्हा मला वाटलं, परत आल्यावर पंपावर जाऊन गुपचूप माफी मागू. पण आरोप चारचौघांत केला होता. चारचौघांत केलेला आरोप कोपऱ्यात मागे घेणाऱ्यांची मी आजवर किती टर उडवली होती. मी उभी राहिले.

"काका, माझी चूक झाली," मी म्हणाले. "डिझेल चांगलं होतं."

काकांनी कानामागे हात धरला. "काय? आयकाक येणा नाय."

"जोरात बोल ना," बाबा सुकाणूवरून म्हणाले. "मघाशी आवाज होता."

इंजिनाच्या वर आवाज चढवून मी पुन्हा सगळं म्हटलं, रंगासकट. रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी हात हलवून आम्हाला पुढे धाडलं, कारण त्यांच्याकडे गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि आमच्याकडे वेळ नव्हता.

खाडीच्या तोंडाबाहेर बाबांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला. मी टाकीजवळ बसून राहिले. झाकणावर हात ठेवायचीही हिंमत होत नव्हती. दुरून आमचं पिंप दिसलं. जाळ्याची जागा दाखवणारं ते तरंगतं पिंप अजून किनाऱ्याच्या बाजूला ओढलेलं होतं. बाबांनी ते पाहिलं आणि खांदे सोडले. भरती मंद झाली होती, पण थांबली नव्हती.

आम्ही दोघांनी जाळं ओढलं. माझे तळवे सोलले. ओढताना बाबा प्रत्येक हाताला जाळीवरून बोटं फिरवत होते, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तशी. तोंड आलं, मग मधला भाग, मग शेपूट. त्यात बोंबील होते, थोडा जवळा, वेफर्सच्या पिशव्या आणि एक चप्पल. कुठेही फाटलेलं नव्हतं.

रेंज आल्यावर मी आईला फोन लावला.

"जाळं आलं."

"फाटलं?"

"नाही."

 ती म्हणाली, "बरं. बर्फ सांगून ठेवते."