हौसाक्काची कंपनी

ज्या दिवशी हौसाक्काला कंपनीचे शेअर मिळाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं जनरल मॅनेजरच्या केबिनमधला एसी बंद केला. जाधवसाहेब आतच बसले होते. बाहेर गार वारं सुटलंय, खिडकी उघडा की, एवढं सांगून ती पुन्हा पाकिटं भरायला गेली. साहेब रिमोट हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी तेव्हा डिस्पॅचला होतो, चलनावर सही घ्यायला केबिनमध्ये आलो होतो. हसू दाबायचं कसब मी त्या नोकरीतच शिकलो.

सांगलीबाहेर आमची कांदा-लसूण मसाल्याची कंपनी. हौसाक्का माहेरची वडूजकडची, पॅकिंगच्या नव्वद बायकांची मुकादम. ठेंगणी, पदर कायम खोचलेला, आणि तिखटाच्या खोलीत वीस वर्षं काढून एकदाही न शिंकलेली. आम्ही मात्र दारातनंच शिंकत परत फिरायचो. मसाला चांगला जमला नाही तर चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणायची, "आज लसूण रुसलाय." आमच्या प्रयोगशाळेला तेच कळायला दोन तास लागायचे. तिचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: "आपलं म्हटलं की नीट हुतं, दुसऱ्याचं म्हटलं की नुसतं उरकतं."

मग वाईट दिवस आले. मोठ्या कंपन्यांनी तोच मसाला दहा रुपयांच्या पुडीत आणला आणि आमचा माल गोदामात पडून राहायला लागला. कंपनी बंद पडली असती तर नव्वद बायका घरी बसल्या असत्या. अक्काची धाकटी लेक मिरजेला नर्सिंग शिकत होती, तीही घरी बसली असती. शेवटी मालक अण्णांनी वाट काढली. वर्षभर प्रत्येकाचा पाव पगार कापायचा आणि त्याबदली कंपनीचे शेअर द्यायचे. फक्त आम्हा सात जणांच्या स्टाफला यातून सोडलं. जाधवसाहेब म्हणाले, स्टाफ सोडून गेला तर कंपनी चालवणार कोण? खोटं कशाला बोलू, सगळ्यात जोरात मान मीच डोलावली होती.

बाकीच्या बायकांनी शेअरचा कागद पेटीत टाकला. अक्कानं मात्र तो देव्हाऱ्यात ठेवला आणि कंपनी अंगावर घेतली. ट्रकमधून पोतं फुटून मिरची सांडली की ड्रायव्हरला खाली उतरवून वेचायला लावायची. एकदा पुण्याचा एक व्यापारी गेटवर येऊन मालकांना भेटायचंय म्हणाला, तर ही हात पुसत पुढं झाली आणि मीच मालकीण हाय, बोला म्हणाली. बोलणं झालं आणि गडी ऑर्डर देऊन गेला, हे विशेष. एसीचं काय झालं? साहेबांनी सोय म्हणून केबिनला आतून कडी लावून घेतली.

त्या वर्षी खंडेनवमीला अण्णा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. यंत्रांच्या पूजेला दरसाल मालक सपत्नीक बसतात. यंदा जाधवसाहेबांनी बसावं, असा त्यांनी निरोप धाडला. गिरणीला झेंडूच्या माळा घातल्या, साहेब आणि वहिनी पाटावर बसले. गुरुजींनी पळीत पाणी घेऊन विचारलं, यजमान कोण?

अक्का पुढं आली. साहेबांकडे किती शेअर आहेत, एवढंच तिनं विचारलं. एकही नाही, साहेब म्हणाले. पगार कापलाच नाही तर शेअर कुठून येणार?

"मग तुमी पगारदार झालासा की," अक्का शांतपणे म्हणाली. "पूजेला मालकानं बसायचं आसतं. राग मानू नगा, पर उठा."

साहेबांचं पुढं काय झालं असतं ते तेच जाणोत, पण वहिनींनी घात केला. त्या एकदम नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुमचा तर अर्धा पगार कापलाय ना? म्हणून तर माझ्या पाटल्या राहिल्या!"

नव्वद पदर एका वेळी तोंडावर गेले. साहेबांचा चेहरा आमच्या स्पेशल मसाल्यासारखा लाल झाला. पण माणूस कोडगा नव्हता. त्यांनी खाली बघत सांगितलं की आजपासून माझाही पाव कापा, अण्णांना मी कळवतो. हौसाक्कानं लगेच जागा करून दिली. आता बसा म्हणाली, वहिनींनाही बसवलं, आणि पूजेला आलेल्या आपल्या नवऱ्याला घेऊन स्वतःही शेजारच्या पाटावर बसली.

मी मागं खांबाआड उभा होतो. माझी लेक पुण्यात इंजिनिअरिंगला. तिच्या फीचा हिशेब करत मी बुटांकडे बघत होतो. अक्कानं पाटावरूनच मान वळवली.

"शिंदेभाऊ, तुमच्या लेकीची फी हाय, ठावं हाय मला. माझ्याबी लेकीची हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात वर केला. मग बाकीच्यांचेही हात हळूहळू वर आले. त्यानंतर गुरुजींनी यजमानांची नावं विचारली, तर नव्वद बायकांसकट सगळेच यजमान, आणि ती सांगून संपेपर्यंत पूजेपेक्षा जास्त वेळ गेला. दोन नावांनंतर गुरुजी गोत्र विचारायचं सोडून चहा मागायला लागले.

कंपनी सावरली. ठरल्या वर्षाऐवजी दीड वर्षानं पूर्ण पगार सुरू झाले, तेही सगळ्यांचे एकाच दिवशी. अक्काची लेक नर्स झाली, माझी इंजिनिअर. अक्कानं शेअर मात्र विकले नाहीत, चांगला भाव आला तरी.

गेल्या वर्षी ती गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मी सकाळी कामावर पोचलो तर गेटला कुलूप, आणि बायका रस्त्यावर बसून रडत होत्या. आमच्याकडे कामगार गेला की अर्ध्या दिवसाची सुट्टी असते, पूर्ण दिवस कंपनी बंद राहिली होती ती फक्त अण्णांचे वडील वारले तेव्हा. गेटवर जाधवसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता:

"आपल्या कंपनीच्या मालक हौसाबाई यांचे निधन झाल्यामुळे आज कंपनी बंद राहील."