झेरॉक्सच्या मशीनचा घसा

काकूंचा चेहराच असा होता की त्यांच्यावर कधी कुणाला संशय आला नाही. शाळेत बाईंच्या खुर्चीला गोंद लावला त्यांनी आणि बोलणी खाल्ली शेजारच्या बाकावरच्या मुलीनं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमची सून म्हणजे अगदी गरीब गाय. गरीब गाय मान खाली घालून उभी राहायची आणि आत जाऊन सासऱ्यांच्या चष्म्याच्या जागी नणंदेचा चष्मा ठेवून द्यायची.

पुढे काकांनी झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि काकू मशीनवर बसू लागल्या. काका शिस्तीचे. कागदाला घडी पडलेली दिसली तर गिऱ्हाइकाचीच झडती घेणारे. त्यांच्यात खोट एकच, आणि ती त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होती. काका घोरायचे. दुपारी शटर अर्धं खाली ओढून ते मागच्या खोलीत आडवे झाले की काउंटरवरच्या टाचण्या डबीत नाचायच्या. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "मी झोपतच नाही. नुसता पडतो." काकूंनी उभ्या संसारात हा वाद पुष्कळदा घातला आणि दर वेळी हरल्या, कारण पुरावा नव्हता.

काकांचा पुतण्या फरश्यांच्या दुकानात नोकरीला होता आणि डोक्यात सिनेमाचं खूळ होतं. एके दिवशी तो गोष्ट घेऊन आला. झेरॉक्सचं एक दुष्ट मशीन असतं. ज्याची प्रत काढेल तो माणूस गायब होतो, हातात उरतो फक्त कागद. दुकानाच्या कोपऱ्यात कपाटाएवढं एक जुनं, वायर कापून ठेवलेलं, कायमचं बंद पडलेलं मशीन होतं, ते त्याला हवं होतं. काकांनी साफ नकार दिला. दुकान म्हणजे तमाशा नव्हे, म्हणाले. काकूंनी नुसतं एवढंच सुचवलं की दुपारी तसंही दुकान बंद असतं आणि तुम्ही कुठे झोपता, नुसते तर पडता, तुम्हाला काय त्रास? काकांना हो म्हणावंच लागलं.

तर शूटिंग सुरू झालं. कॅमेऱ्यामागे लग्नाचे फोटो काढणारा एक लांबुडका माणूस, आणि नायिका म्हणून दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी मुलगी. झाकण आपोआप उघडायला हवं म्हणून त्याला मासे धरायची दोरी बांधली होती. ती ओढायला काकू मशीनमागे स्टुलावर बसल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पुतण्याला सांगितलं की झाकण एकदम उघडू नये, थोडं उघडून थांबावं, म्हणजे समोरचा वाकून बघतो. नायिका वाकली. तिला ओरडायला काही केल्या जमत नव्हतं, लाजायची. काकूंनी नोटा मोजायला ठेवलेला ओला स्पंज मागून हळूच तिच्या मनगटाला लावला. अशी किंकाळी निघाली की समोरचा न्हावी साबण लावलेल्या गिऱ्हाइकासकट रस्त्यावर आला.

घोडं अडलं ते मशीनच्या आवाजावर. मिक्सर लावून पाहिला, स्कूटर सुरू करून पाहिली, रिकामं पिंप जमिनीवरून ओढलं. प्रत्येक आवाज कशाचा ते लगेच ओळखू यायचं, भीती कशाचीच वाटेना. पुतण्या डोकं धरून बसला होता आणि तेवढ्यात दुकानात एक खोल, ओली घरघर सुरू झाली. फोटोवाला दचकून मशीनपासून दूर सरकला. वायर कापलेली असताना हे चालू कसं झालं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मागच्या खोलीचा पडदा बाजूला केला.

माईक काकांच्या नाकाजवळ धरला गेला. काकूंना त्या आवाजाचं पान न् पान पाठ होतं.

"थांब, आता शिट्टी येईल," त्या कुजबुजल्या. शिट्टी आली. "आता कुशीवर वळतील, मग दगड दळल्यासारखं."

तसंच झालं. शेवटी मशीन मरतं तेव्हाचा आवाज राहिला होता. काकूंनी चिमटीत काकांचं नाक अलगद धरलं आणि सोडलं. काय निघालं ते ऐकून नायिका दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. काका डोळे न उघडता म्हणाले, "जागाच आहे मी," आणि पुन्हा सुरू झाले.

वाचनालयाच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर सिनेमा दाखवला. पहिली घरघर झाली आणि पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकली. दुसऱ्या घरघरीला काकांनी काकूंचा हात पकडला. कित्येक वर्षांत त्यांनी तो असा पकडला नव्हता, त्यामुळे काकूंना हसू आवरावं की हात सोडवावा ते कळेना. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. हसू पदरात गेलं, हात तिथेच राहिला.

घरी जाताना काका म्हणाले, "बाकी सगळा पोरखेळ. आवाज मात्र अस्सल. अंगावर काटा आला."

काकूंनी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच. त्यांनी सरळ सांगून टाकलं. काका रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, तुला चेष्टा जमत नाही, उगाच करू नकोस. दुसऱ्या दिवशी काकूंनी पुतण्याला बोलावून मूळ रेकॉर्डिंग लावायला लावलं. काकांनी हेडफोन घालून, डोळे मिटून, अगदी 'जागाच आहे मी'पर्यंत सगळं ऐकलं.

"हे शेवटचं वाक्य माझं आहे," त्यांनी निकाल दिला. "मी जागा होतो, हे त्यावरून सिद्धच होतं. बाकीचं मशीन. माणसाच्या नाकातून असा आवाज निघेल का?"

पुतण्यानं काकूंकडे पाहिलं. काकू हसत-हसत खालीच बसल्या.

आता लोक ते मशीन बघायला येतात. काका एरवी कुणाला काउंटरच्या आत घेत नाहीत, पण यांना घेतात, कापलेली वायर दाखवतात, झाकणाला हात लावू देतात आणि गंभीरपणे सांगतात की आवाज ह्यानंच काढला, मी स्वतः ऐकलाय. परवा एक बाई आधार कार्डाच्या प्रती काढायला आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि काकूंजवळ सरकून हळूच विचारलं, दिवसभर याच्यासोबत राहायची भीती नाही वाटत?

काकूंनी प्रती नीट जुळवून त्यांच्या हातात दिल्या.

"सुरुवातीला वाटायची," त्या म्हणाल्या. "आता सवय झाली."