अण्णांचा डावा हात

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आज लिहायची माझी पाळी नाही, तरी लिहिते आहे.

अर्धांगाच्या झटक्यानंतर माझे वडील, अण्णा, आज घाटकोपरच्या कारखान्यात पत्र्याची झाकणं कापायच्या मशीनवर परत रुजू झाले. घरात शिकलेली मी पहिलीच, म्हणून अर्ज मीच लिहिला होता: ‘आता पूर्ण बरे आहेत.’

दुपारी डबा घेऊन गेले. अण्णांनी ताटलीतला उजवीकडचा भात खाल्ला आणि उठायला लागले. त्यांच्या जोडीचे सावंतकाका म्हणाले, “काय रे, अर्धा भात वहिनीसाठी ठेवलास?”

मी ताटली फिरवली.

“अरेच्चा, अजून आहे की!” अण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

घरी दोन महिने मी अशीच ताटली फिरवते आहे. डावीकडचं त्यांना जाणवतच नाही, हे मी अर्जात लिहिलं नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

जेवून अण्णा मशीनवर बसले आणि उजव्या हाताने कळ दाबायला निघाले. डावा हात पात्याखालीच राहिला होता.

“अण्णा, हात!” मी ओरडले.

त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. “हा काय गं, आहे ना!”

सावंतकाकांनी झटकन त्यांचा डावा हात बाहेर ओढला. मला हळूच म्हणाले, “साहेबांना बोलू नको हां. नोकरी जाईल त्याची.”

अण्णा घरी आलेत, खुशीत आहेत. तो वर केलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

खरं सांगणारा दुसरा अर्ज मी लिहिला आहे. सकाळी सातला अण्णा निघतील. तोवर तुमची उत्तरं यायची नाहीत, तरी विचारते: आधी तो अण्णांना वाचून दाखवू, की थेट साहेबांना देऊ?