बारा इंचांचं गोल स्टूल

मापकाकांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रस्त्यात कुणी भेटलं की त्यांची नजर आधी पायांकडे जाते आणि मग तोंडाकडे. त्याला त्यांचा इलाज नाही. चपला-बुटांच्या एकाच दुकानात त्यांनी चाळीस वर्षं काढली, आणि तीही गल्ल्यावर नव्हे, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात, बसक्या स्टुलावर. गिऱ्हाईक दारातून येऊन खुर्चीत टेकेपर्यंत काकांनी फळीवरून बरोबर मापाचं खोकं काढलेलं असायचं. "मला आठ नंबर लागतो," असं कुणी ठासून सांगितलं तर काका वाद घालत नसत. आठ आणि साडेआठ दोन्ही पुढे ठेवायचे. गिऱ्हाईक साडेआठ घालून निमूट घरी जायचं. त्यावरून त्यांना मापकाका नाव पडलं, आणि आता खरं नाव विचारलं तर शेजाऱ्यांना दोन मिनिटं आठवावं लागतं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली 'बाई' म्हणते. तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्या तेहेतीस वर्षांत वर्गातल्या खुर्चीवर त्या बसल्या असतील तर फक्त हजेरी घेण्यापुरत्या. काका चिडवायच्या लहरीत असले की तेही 'बाई' म्हणतात, एरवी 'अगं'. इतकी वर्षं उभं राहिल्यानं बाईंच्या पायांच्या शिरा फुगल्या, आणि गेल्या वर्षी डाव्या घोट्याच्या वर एक जखम झाली. एवढीशी, बटणाएवढी. ती भरून यायला चार महिने लागले.

डॉक्टरांनी सरळच सांगितलं. "जखम बंद झाली, पण दुखणं गेलेलं नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, पाय कमरेच्या रेषेत वर ठेवून बसायचं. खाली लोंबकळते ठेवलेत तर जखम परत उघडेल, आणि मग ऑपरेशन. त्यानंतर पूर्वीसारखं चालता येईलच, असं मी सांगू शकत नाही."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि घरी येऊन उभ्यानंच सगळ्या खिडक्या पुसल्या. दिवसा आडवं व्हायला त्यांचा ठाम नकार होता. दिवसाउजेडी पलंगावर पडलेलं माणूस म्हणजे आजारी माणूस, आणि मी आजारी नाही, हे त्यांचं म्हणणं. काकांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उशी ठेवून दिली, तर म्हणाल्या, "आपलं घर आहे की दवाखान्याचा व्हरांडा?" उशी तशीही दर पाच मिनिटांनी घसरायची. शेवटी काका कातावले तेव्हा त्या म्हणाल्या, "असं करा, बघायला बरं असं काहीतरी आणा. गोल, लाकडी, वर गादी असलेलं. मग ठेवीन पाय. शब्द देते."

बाईंनी शब्द दिला की दिला. आता सगळं काकांवर येऊन ठेपलं. वस्तू बाईंच्या मनास आली नाही तर पाय वर जाणार नाहीत, आणि पाय वर गेले नाहीत तर जखम उघडणार. पण खरं सांगायचं तर काका मनातून खूश झाले. दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या जातकुळीतलं काम सांगितलं होतं.

लेकीनं फोनवर ढीगभर फोटो पाठवले. "बाबा, त्याला ऑटोमन म्हणतात," ती म्हणाली. काकांना आधी ते औषधाचं नाव वाटलं. तिनं पुढे समजावलं की यात विंटेजही मिळतात आणि मॉडर्नही. आठवडाभर हिंडून काकांनी दोन्हींचा अर्थ आपला आपण लावला. मॉडर्न म्हणजे ज्याला पायच नसतात, आणि विंटेज म्हणजे ज्याचा एक पाय हलतो पण किंमत हलत नाही.

पहिल्यांदा ते मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथे फिक्या लाकडाची, मखमली गादीची गोल स्टुलं ओळीनं मांडली होती. दाखवणारी मुलगी गोड होती. तिनं एकाचं झाकण उचललं. आत पोकळ जागा होती.

"यात स्टोरेज आहे, काका. वर पाय, आत सामान."

"कसलं सामान?"

"काहीही. चादरी, मासिकं, चपला."

"चपला आत आणि पाय वर," काका म्हणाले. "म्हणजे दोघांची भेट व्हायला नको."

मुलगी हसली. मग काकांनी त्यांची परीक्षा सुरू केली. एकेका स्टुलावर ते बसायचे, गुडघे फाकवायचे, पाठ थोडी पुढे झुकवायचे आणि दोन्ही हात समोर धरायचे, हवेतली एक टाच तळव्यात घेतल्यासारखे. चौथ्या स्टुलावर मुलीला राहवेना.

"काका, काही खाली पडलंय का तुमचं?"

"नाही गं, बघतोय." पण नजर खाली होतीच, त्यामुळे जे दिसलं ते बोलून गेले. "तुझे बूट अर्ध्या नंबरानं लहान आहेत. सकाळी घेतलेस ना? बूट नेहमी संध्याकाळी घ्यावेत, पाय दमलेले असतात तेव्हा. दमलेला पाय खोटं बोलत नाही."

मुलगी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "तीन महिने झाले, अंगठा सुन्न पडतो." त्या दिवशी काकांनी खरेदी काही केली नाही, पण घरी आले ते शीळ घालत.

मनासारखं स्टूल शेवटी सापडलं ते जुन्या सामानाच्या दुकानात. एका मावशीचं दुकान होतं. कपाटं, आरसे, न चालणारी घड्याळं, यांच्या मधून अंग चोरूनच चालावं लागे. मावशी तिथे एका आरामखुर्चीत बसून होती, आणि गिऱ्हाइकासाठी उठायची तिची पद्धत नव्हती. कोपऱ्यात एक गोल स्टूल होतं. काळसर लाकूड, कातीव तीन पाय, वर चामड्याची गादी आणि तिच्या कडेला पितळी खिळ्यांची रांग. गादी मधोमध जराशी दबलेली.

"यावर कोण कोण बसलंय?" काकांनी विचारलं.

"वाळवी सोडून सगळे," मावशी म्हणाली.

काका बसले. गुडघे, पाठ, हात, सगळं आपापल्या जागी गेलं. अंगाला इतकं ओळखीचं वाटलं की क्षणभर समोर खुर्ची आहे आणि तिच्यात कुणीतरी मोजे काढतंय असं त्यांना वाटलं. खिशातल्या टेपनं त्यांनी उंची मोजली. बारा इंच. मोजायची गरजच नव्हती म्हणा.

"कशाला हवंय?" मावशीनं विचारलं.

"घरात. सोफ्यापुढे."

"बुटकं पडेल हो."

"मावशी, चाळीस वर्षं बसलोय मी. स्टुलाच्या उंचीतलं मला सांगू नका."

मावशीनं खांदे उडवले. शहाण्याला शिकवायला ती काही दुकान उघडून बसली नव्हती.

बाईंना स्टूल बघताक्षणी आवडलं. त्यांनी पितळी खिळ्यांवरून बोट फिरवलं, पायांचं कोरीवकाम पाहिलं आणि म्हणाल्या, "नजर आहे हं तुम्हाला." मग दिल्या शब्दाप्रमाणे सोफ्यावर बसल्या आणि पाय स्टुलावर ठेवले. काका समोर उभे राहून बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. सोफा उंच, स्टूल बुटकं. पाय कमरेपासून उतारावर लागले होते. टाचा पुरत्या वीतभर खाली. उशी ठेवून पाहिली तर ती दबलेल्या गादीवर डुगडुगायला लागली.

"बरं आहे की," बाई म्हणाल्या आणि दोन तास बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. पण पायांची सूज तसूभरही उतरली नाही.

चौथ्या दिवशी तर कहर झाला. काका भाजी घेऊन आले, तर बाई स्वतःच स्टुलावर बसून पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा आवरत होत्या. गुडघे पोटाशी, पाय जमिनीवर, भोवती पुस्तकांचे ढीग.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, ते पायांसाठी आणलंय."

"मग पाय आहेतच की माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "उंची अगदी बेतशीर आहे हो. खालचा कप्पा पाच वर्षांत कुणी बघितला नव्हता."

काका आणखी चिडणार, तेवढ्यात डाव्या घोट्याच्या वर, जिथे जखम भरली होती, तिथली कातडी त्यांना दिसली. ती तुकतुकीत आणि लालसर झाली होती. ते घाबरले. भाजीची पिशवी तशीच दारात ठेवून ते सोफ्यावर बसले. आठ दिवस गावभर हिंडून, दुकानदारांना अक्कल शिकवून आपण आणलं काय, तर स्वतः बसायला स्टूल. पाय टेकणाऱ्याचं माप आपण घेतलंच नाही. माप घेणाऱ्याचं घेतलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"कशात?"

"उंचीत. हे राहू दे तुला. उद्या दुसरं बघतो. आज नीट माप घेतो आधी. ये, बस इथं."

संध्याकाळची वेळ होती, म्हणजे माप घ्यायला उत्तम. काकांनी टेप काढली आणि दुकानातून आणलेली सरकती पट्टीही काढली. पट्टीची खरं तर गरज नव्हती, पण हात सवयीनं तिकडे गेला. बाई सोफ्यावर बसल्या. काका बुटक्या स्टुलावर बसले, बाईंचा डावा पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतला आणि सपात काढली.

करंगळी आत वळून शेजारच्या बोटाखाली गेली होती. अंगठ्याच्या कडेला जुना, टणक घट्टा होता. असे पाय काकांनी हजारांनी पाहिले होते, आणि ते कशानं होतात हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांनी पट्टी लावली. परत लावली. सुजेनं पाय रुंद होतो, लांब होत नाही. मग दुसऱ्या पायाला लावली.

"सहा," ते म्हणाले.

"असेल."

"असेल काय? मी पाच आणतोय. लग्न झाल्यापासून पाच आणतोय."

"तेव्हा पाचच होता. लेकीच्या वेळेला वाढला. बाळंतपणात वाढतात काहींचे."

लेक आता तिशी ओलांडून गेली होती. काकांनी मनात हिशेब केला आणि पुढे करवेना. सगळ्या गावाला दारातून बघून माप सांगणारा माणूस, आणि घरात दिव्याखाली अंधार. दर वर्षी नवा जोड आणून त्यांनी ऐटीत खोकं पुढे केलं होतं, आणि दर वर्षी ही बाई तो घालून सात-सात तास फळ्यापुढे उभी राहिली होती.

"बोलली का नाहीस?"

बाई सहज म्हणाल्या, जणू शाळेतलीच काही गोष्ट सांगत होत्या, "बोलले असते तर तुम्ही माप घ्यायला बसला असता. दिवसभर परक्यांच्या पायाशी बसून यायचात. घरी आल्यावर परत माझ्या पायाशी कशाला बसवायचं तुम्हाला?"

काकांना लाज वाटली, फार वाटली. आणि इतकी लाज वाटत असताना माणसाला एवढं बरं कसं वाटू शकतं, हेही त्यांना कळेना. ते नुसतेच तो पाय धरून बसले, एका हातात टाच आणि दुसरा हात पोटरीखाली. मग त्यांनी दुसराही पाय उचलून मांडीवर घेतला.

बाराचं स्टूल, त्यावर त्यांच्या मांड्या, त्यावर तिचे पाय. टाच आणि कंबर अगदी एका रेषेत आली होती. टेप लावायची गरजच नव्हती.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "झालं ना माप? सोडा आता."

"दोन तास झाले की सोडतो," काका म्हणाले.

बाईंनी घड्याळात पाहिलं, आणि उशी पाठीमागे घेऊन त्या नीट टेकून बसल्या.