जोडणी एकाची, गुन्हा दुसऱ्याचा

नोकरीतली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. नावे मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसे याच शहरात मानाने राहत आहेत.

तेव्हा मी परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. आई कोळीवाड्यातली, दादरच्या बाजारात मासे विकणारी. मुलगी परळच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. आईच म्हणाली, "सायब, माझ्या पोरीच्या नावानं कोण तरी घाण लिवतोय. पोर कामावर जायला भितेय."

मी दोघींना आत बोलावले आणि एका महिला हवालदाराला शेजारी बसवले. मुलीने मोबाइल पुढे केला. तिच्या नावाने आणि तिच्याच फोटोने कुणीतरी समाजमाध्यमावर खोटे खाते उघडले होते. त्यावरून तिच्या सहकाऱ्यांना, नातेवाइकांना, अगदी रुग्णांनासुद्धा अश्लील मजकूर जात होता. तिचा खरा नंबरही दिलेला, त्यामुळे अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले होते. तिला थेट येणारे संदेश वेगळेच. "आज हिरवा ड्रेस छान दिसत होता" अशा प्रकारचे. म्हणजे हा माणूस तिला पाहत होता.

"कुणावर संशय?" मी विचारले.

"नाही सर. कुणाचं नाव घेऊ? आता तर सगळ्यांचाच संशय येतो."

ते शेवटचे वाक्य मला फार लागले. गुन्हा नोंदवून घेतला आणि त्याच दिवशी त्या समाजमाध्यमाच्या कंपनीला नोटीस पाठवली. असा तपास पळापळीचा नसतो. उत्तराची वाट पाहायची, स्मरणपत्र पाठवायचे, पुन्हा वाट पाहायची. अखेर उत्तर आले. ते खाते ज्या इंटरनेट जोडणीवरून चालवले जात होते तिचा आयपी पत्ता मिळाला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ग्राहकाचे नाव दिले. डिलाईल रोडवरची चाळ, पहिल्या मजल्यावरची खोली, पंचविशीतला तरुण.

ठाण्यात एकदम उत्साह संचारला. माझा उपनिरीक्षक हुशार होता, पण घाईचा. "सर, नाव आहे, पत्ता आहे. उचलू या."

"आधी जाऊन बघू," मी म्हणालो.

खोली लहान, पण लखलखीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांनी भरलेली मांडणी. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. मुलगा खासगी कार्यालयात नोकरी करता करता स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेला. सरकारी नेमणूक आता येणार होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती, आणि ती आमच्याच ठाण्याकडून व्हायची होती. पोलीस दारात पाहून आईला वाटले, आम्ही त्यासाठीच आलो. तिने चहाचे आधण ठेवले. मी कारण सांगितले तेव्हा तिने हात लांब करून गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली.

पंचांसमक्ष त्याचा मोबाइल आणि लॅपटॉप ताब्यात घेतला आणि त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणले. नेमकी त्याच वेळी ती कोळीण कुठल्याशा कागदावर सही करायला आली होती. तिला काय समजायचे ते समजले. ती तरातरा पुढे आली. "हाच काय रं तो? घरात आय-बहीण नाय तुला?" महिला हवालदाराने तिला आवरले. मुलगा मान खाली घालून उभा होता. डोळ्यांत पाणी आले होते, पण तो तिला उलट एक शब्द बोलला नाही.

चौकशीला बसल्यावर मी त्याला आरोप सविस्तर सांगितला. तो म्हणाला, "सर, मी त्यांना ओळखत नाही. पण हे मेसेज कधी गेलेत? मला फक्त वेळा सांगा."

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. गुन्हा केलेला माणूस बहुधा विचारतो, तुमच्याकडे पुरावा काय? न केलेला विचारतो, हे घडले कधी? आपण तेव्हा कुठे होतो हे सांगण्याची त्याला घाई असते. मी वेळा सांगितल्या. बहुतेक दुपारच्या. त्या वेळी तो लोअर परळच्या कार्यालयात असायचा आणि तिथली हजेरी अंगठ्याच्या ठशाने लागते. आई शाळेत. खोलीला कुलूप. त्याच्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्येही खोट्या खात्याची खूण सापडली नाही.

"मग तुझं वायफाय वापरतो कोण?"

तो ओशाळला. "खरं सांगू सर? सगळेच. आंबेडकर जयंतीला आमच्या मंडळानं चाळीच्या पटांगणातून कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण केलं होतं. नेट कमी पडत होतं म्हणून मी पासवर्ड फळ्यावर लिहून दिला. नंतर तो बदलायचा राहिला. शेजारची पोरं अभ्यासाला वापरतात. नाही कसं म्हणणार?"

चाळीत साखर मागतात तसे वायफाय मागतात. देणाऱ्याच्या मनात काही नसते. पण त्या जोडणीवरून जे काही जाते त्यावर शिक्का देणाऱ्याच्या घराचा बसतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

उपनिरीक्षक पुन्हा म्हणाला, "सर, अटक दाखवू. पुढचं कोर्टात बघतील." मी नकार दिला. मुलाला ताकीद दिली की पासवर्डला हात लावायचा नाही आणि चाळीत यातले अवाक्षर बोलायचे नाही. मग साध्या कपड्यांतल्या शिपायाला मोबाइल देऊन चाळीभोवती फिरवले. राउटर रस्त्याकडच्या खिडकीत होता. सिग्नल गॅलरीभर, जिन्यात आणि खाली फाटकाजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत व्यवस्थित मिळत होता. म्हणजे गुन्हेगार चाळीतलाच असायला हवा असेही नव्हते.

आता दुसऱ्या टोकाने जायचे ठरवले. मुलीला पुन्हा बोलावले. खोट्या खात्यावरचे सगळे फोटो मोठे करून टेबलावर मांडले आणि म्हटले, "घाई नको. प्रत्येक फोटो कुठला, कुणी काढला, आठवून सांग."

ती एकेक बाजूला करत गेली. हा माझ्याच खात्यावरचा, हा सहलीचा, हा मैत्रिणीने टाकलेला. एका फोटोवर ती थांबली. पिवळी साडी, हसरा चेहरा. बराच वेळ पाहून म्हणाली, "सर, हा मावसबहिणीच्या हळदीचा. पण हा आमच्या अल्बममध्ये नाही."

"नक्की?"

"नक्की. यात माझ्या केसात गजरा नाही. हळद सुरू व्हायच्या आधीच आम्ही सगळ्यांनी गजरे माळले होते. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत गजरा आहे. हा त्याच्या आधीचा. मला माहीतच नव्हतं असा फोटो कुणी काढलाय."

"त्या वेळी कॅमेरा कुणाकडे होता?"

तिचा चेहरा बदलला. "फोटोग्राफरकडे. तो आधीच येऊन तयारी करत होता." मग ती म्हणाली, "नंतर त्यानं मला खूप मेसेज केले होते. मी ब्लॉक केलं. एवढीशी गोष्ट, मी विसरूनही गेले होते."

मी त्या तरुणाला त्याच्या आईच्या मोबाइलवर फोन लावला. "जयंतीच्या थेट प्रक्षेपणाचं काम कुणाला दिलं होतं?" त्याने नाव सांगितले. तोच फोटोग्राफर. त्याचा स्टुडिओ चाळीमागच्याच गल्लीत, मुलीच्या रुग्णालयाच्या वाटेवर होता आणि दुपारचा चहा तो फाटकाजवळच्या टपरीवर घ्यायचा.

खरे सांगतो, त्या क्षणी खुर्चीतून उठून मी खोलीत एक फेरी मारली. मात्र संशय म्हणजे पुरावा नव्हे. फोटो कुणीतरी चोरला, असे तो सहज म्हणू शकला असता. त्याच्या हातात ते खाते उघडे असतानाच तो सापडायला हवा होता.

सापळ्याची आखणी मी मुलीसमोरच केली. तिने आजवर त्या संदेशांना कधी उत्तर दिले नव्हते. मी काही म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "मी उत्तर देते, सर. तो बोलत राहील तोवर तुम्हाला वेळ मिळेल ना?"

"जमेल का? भीती वाटेल."

"भीती आत्ताही वाटतेच आहे. निदान उपयोग तरी होऊ दे."

ठरल्या दुपारी त्या तरुणाच्या खोलीत सायबर विभागाचा एक अधिकारी लॅपटॉप घेऊन बसला. राउटरला कोणकोणते मोबाइल जोडले जात आहेत ते त्याच्या पडद्यावर दिसत होते. शेजारी मी, ती मुलगी आणि दोन पंच. तरुणाची आईही रजा घेऊन घरी थांबली होती. खाली टपरीच्या बाकड्यावर आमची महिला हवालदार भाजीची पिशवी घेऊन बसली होती. फोटोग्राफर आला. चहा मागवला. मोबाइल काढला. वर पडद्यावर नवा मोबाइल जोडला गेल्याची ओळ उमटली, आणि थोड्याच वेळात मुलीच्या हातातला मोबाइल वाजला. खोट्या खात्यावरून संदेश. तिने उत्तर लिहिले, "तू कोण आहेस? मला भेटायचंय."

तो हरखला असावा. एकामागून एक संदेश येऊ लागले. ती उत्तर देत राहिली. तरुणाची आई तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी खिडकीतून रुमाल हलवला.

हवालदार बाईंनी पिशवी खाली ठेवली, वळल्या आणि त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. लॉक करायची संधीच त्याला मिळाली नाही. आम्ही पंचांसह खाली पोचलो तेव्हा खोटे खाते उघडे होते आणि त्यात मुलीचे ताजे उत्तर दिसत होते. जागेवरच पंचनामा झाला.

ठाण्यात आल्यावरही त्याचा तोरा गेला नव्हता. "वायफाय त्या पोराच्या नावावर आहे. माझा काय संबंध?"

"वायफायचं आम्ही अजून काही बोललोच नाही," मी म्हणालो. "ते तुला कसं सुचलं?"

मी गजरा नसलेला फोटो त्याच्यासमोर ठेवला. त्याने पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "तिनं चारचौघांत माझा अपमान केला, साहेब."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कॅमेरा नवरीकडे फिरव."

एवढ्याशा वाक्यासाठी त्याने एका मुलीचे जगणे नासवायचे ठरवले होते, आणि आपल्या जागी एका निरपराध तरुणाला उभे करायची सोयही केली होती. स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट असताना तो मुद्दाम त्या चाळीखाली येऊन बसत होता. दुसऱ्याच्या जाळ्यात आपण दिसत नाही असे त्याला वाटले. प्रत्यक्षात आपला मोबाइल तिथे रोज ओळख देत होता, हे त्याच्या गावीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती कोळीण ठाण्यात आली. "सायब, त्या पोराचं घर दाखवा. मी त्याला नाय नाय ते बोलले." मी हवालदाराबरोबर तिला पाठवले. हवालदाराने परत येऊन सांगितले, "बाईंनी बरोबर पापलेटं नेली होती. मुलाच्या आईचे हात धरून रडल्या. मग आत जाऊन स्वतःच कालवणाला बसल्या. मलापण जेवल्याशिवाय सोडलं नाही."

त्या तरुणाचा पडताळणी अहवाल मी स्वतः लिहिला. त्याची नेमणूक वेळेवर झाली. जाण्याआधी तो पेढे घेऊन आला. "पासवर्ड बदलला सर," तो म्हणाला, "आणि मंडळाची वेगळी जोडणी मंडळाच्या नावावर घेतली."

खटला चालला तेव्हा बचावाच्या वकिलांनी मुलीला खोचकपणे विचारले, "एवढा त्रास होत होता, तर त्या दिवशी तुम्ही उत्तरं का दिलीत?"

तिने न्यायाधीशांकडे पाहून सांगितले, "तो माझा मित्र व्हावा म्हणून नाही. तो इथे उभा राहावा म्हणून." वकील आपल्या जागेवर जाऊन बसले. फोटोग्राफरला शिक्षा झाली. मुलगी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली.

लोक मला अजून विचारतात, वायफाय दिले तर काय बिघडते? मी सांगतो, जोडणी नावावर आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, पण पोलीस आधी त्याच्याच दारात येतात, आणि त्या एका भेटीत माणसाचे बरेच काही जाऊ शकते. फुकट मिळाले म्हणून कुणाच्याही जोडणीवर बसणाऱ्यालाही मी सांगतो की, त्या जोडणीवर दुसरे कोण बसले आहे हे तुला दिसत नाही. तिथे बँकेचे व्यवहार करू नकोस.

पण मला स्वतःला या प्रकरणाने शिकवले ते वेगळे. माझ्यापुढे कागदावर आरोपी तयार होता. एक सही केली असती तर संध्याकाळी शाबासकी मिळाली असती, एक घर उद्ध्वस्त झाले असते आणि खरा माणूस बाकड्यावर निवांत चहा पीत बसला असता. यंत्राने मला एका खोलीपर्यंत नेले. त्यापुढे माणसांना प्रश्न विचारायचे काम माझे होते. नोकरीत मी पुष्कळांना अटक केली. पण एक अटक न करण्याचा जेवढा अभिमान मला वाटतो, तेवढा त्यातल्या कुठल्याच अटकेचा वाटत नाही.