आतल्या बाजूचं शेपूट

बघूनया मावशींचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक शिलाई मशीन, एक लाकडी बाकडं, भिंतीत ठोकलेले आकडे आणि आकड्यांना लटकलेल्या लोकांच्या बॅगा. चेन बसवायची, बदलायची, अडकलेली सोडवायची, हा धंदा. हाताचं काम चोख होतं. पण लोकांनी नाव ठेवलं ते कामावरून नाही, काळजीवरून.

काळजी करायला काही कारण लागतं असं मावशींना कधी वाटलंच नाही. घराला कुलूप घालून कोपऱ्यापर्यंत आलं की गॅसचं बटण आठवायचं. मग, "अहो, जरा बघून या." ते बघून आले की खिडकी आठवायची, खिडकी झाली की नळ. दुकानात उघडी बॅग दिसली की बंद करायची, उघडा डबा दिसला की झाकण लावायचं. शेजारच्या घड्याळवाल्याचा अर्धवट उघडा ड्रॉवरसुद्धा त्या जाता-येता लोटायच्या. एकदा त्याचं बोट त्यात चांगलं सापडलं होतं, तरी सवय गेली नाही.

त्यांचे यजमान, म्हणजे गल्लीचे काका, सगळ्या बाबतीत उलटे. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस. जगात काही बिघडू शकतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. चेन अडकली की ओढायची, एवढंच त्यांना माहीत. मावशींनी बसवलेली प्रत्येक चेन वर-खाली करून बघायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण मावशींच्या मते ज्या चेनीने यांचा हात सोसला ती कुणाच्याही हातात टिकेल. "अहो, अडकली तर मागे घ्यावी थोडी, मग पुढे," हे त्या लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या. काका हो म्हणायचे आणि ओढायचे.

एका संध्याकाळी एक तरुण बाई प्रवासाची मोठी थोरली बॅग छातीशी धरून आली. बॅग एवढी, की आत एखादा माणूस सहज गुडघे मुडपून बसेल. चेनीचे दात गेले होते आणि चेनीवरून सरकणाऱ्या रनरचं शेपूटही तुटलं होतं. रनरला धरून ओढायला जी लोंबती पट्टी असते तिला मावशी शेपूट म्हणायच्या. बाई म्हणाली, चेन सगळी बदला, कापड फाटलं तरी चालेल, पण रनर मात्र हाच ठेवा. आणि शेपूट दोन्हीकडून लावा, बाहेरून आणि आतूनही. आतलं विसरू नका, हे तिने जाताना पुन्हा बजावलं. मावशींनी मान डोलावली आणि उद्या दुपारी या म्हणाल्या. तरी बाई बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहून बॅगेकडे बघत होती.

रनर विचित्रच होता. काळपट, आकाराच्या मानाने जड, आणि कुणाच्या तरी खिशातून आत्ता काढावा तसा कोमट. आतल्या अंगालाही त्याला एक बारीक कडी होती. कारखान्यात चूक झाली असेल, असं मावशींनी ठरवून टाकलं. आणि बाई घाबरलेली दिसत होती. घाबरलेला माणूस काहीही बोलतो, हे मावशींना स्वतःवरूनच माहीत होतं. बॅगेच्या आत कोण बसणार आहे चेन उघडायला? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवी चेन शिवली, तोच रनर चढवला, बाहेर एक छान चामड्याचं शेपूट लावलं, आणि आतलं दिलं सोडून.

मग बॅग काकांच्या हातात दिली आणि तेवढ्यात गॅस आठवला. एरवी काका गेले असते. पण त्यांचे हात बॅगेत गुंतले होते, म्हणून मावशी स्वतःच गेल्या. गॅस अर्थातच बंद होता. परत आल्या तर काका जागेवर नाहीत आणि बॅग बाकड्यावर आ वासून पडलेली. चहाला गेले असणार, परक्याची वस्तू अशी उघडी टाकून! मावशींनी पुटपुटत चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, बॅग आकड्याला लटकवली आणि त्या मशीनवर बसल्या.

बसता बसता त्यांचा पाय कशाला तरी लागला. बाकड्याखाली काकांच्या चपला होत्या. एकीला एक लावून, नीट. काका घरात चपला कुठेही भिरकावायचे. अशा नीट काढून ठेवायचे ते फक्त परक्याच्या दारात, आत पाऊल टाकण्याआधी.

मावशींनी घड्याळवाल्याला विचारलं. डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणाला की काका आत्ता तर इथेच होते, 'अगं, हे बघितलंस का' असं काहीतरी म्हणत होते. त्याला वाटलं मावशीच आल्यात. अनवाणी माणूस चहाला जात नाही. मावशींनी बॅग खाली काढली. हाताला ती रिकाम्या बॅगेसारखीच हलकी लागली, आणि तेच त्यांना सगळ्यात भयंकर वाटलं. त्यांनी चेन उघडली.

आत अस्तर नव्हतं. आत माळ होता. पांढुरक्या गवताचा, लांबच लांब, आणि त्यावर सूर्य कुठे दिसत नसताना पडलेला उजेड. गार वारा तोंडावर आला. त्याला नुकत्याच उघडलेल्या काडेपेटीचा वास होता. मावशींनी "अहो" म्हणून हाक मारली. आवाज आत गेला आणि तिथेच जिरला. आणि त्यांच्या हाताने जन्मभर केलं तेच केलं: चेन बंद केली.

मग बंद केली म्हणून जीव घाबरा झाला, म्हणून पुन्हा उघडली. आता माळ नव्हता, एक उंच भिंत होती. घाईने बंद केली, पुन्हा उघडली. आत नुसतं पाणी, संथ, काठ नसलेलं. दरवेळी त्यांना वाटे, आता उघडली की हे समोरच उभे असतील, आणि दरवेळी काहीतरी निराळंच दिसे. आपणही आत उतरावं असं मनात आलं. एक पाय उचललाही. पण आपण आत असताना घड्याळवाला सहज आला आणि बॅग उघडी बघून त्याने चेन ओढली तर? चांगला माणूस होता तो, नक्की ओढली असती. मावशींनी पाय खाली ठेवला. बंद कर, उघड, बंद कर, उघड, असं किती वेळ चाललं त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

बाई ठरल्याप्रमाणे दुपारी आली. मावशींचा चेहरा बघूनच ती थबकली.

"आतलं शेपूट लावलंत ना?"

"नाही लावलं," मावशी म्हणाल्या. "आणि आमचे हे आत गेलेत."

बाई मटकन बाकड्यावर बसली. मग तुटक तुटक तिने सांगितलं. तिचा थोरला भाऊही आतच होता, कालपासून. बॅग त्यांच्या वडिलांची. वडील त्या रनरच्या जोरावर कुठे कुठे जाऊन यायचे. त्यांच्या पश्चात भाऊ जाऊ लागला आणि ती बाहेर बसायची. काल भाऊ आत गेला, तिने चेन ओढली, तर दात उखडले आणि शेपूट हातात आलं. जुनं आतलं शेपूट कधीच झिजून गेलं होतं, म्हणून तर ती एवढी बजावत होती. चेन धड नसली की ती नुसती बॅग उरायची. आणि वडिलांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. बॅग बंद असली की तिचं तोंड तिकडे एका जागी थांबतं. उघडी असेपर्यंत ते सरकत राहतं. आत गेलेल्याने तोंड शोधत यायचं आणि आतून उघडायचं. बाहेरच्याने उघडून बघत बसायचं नाही.

"तुम्ही उघडली नाहीत ना?" तिने विचारलं.

"उघडली," मावशी म्हणाल्या. "पुष्कळदा."

बाईने डोळे मिटले. धरणीने पोटात घ्यावं असं मावशींना झालं. जन्मभर जी काळजी त्यांनी नवऱ्यासाठी वाहिली, तीच काळजी सकाळपासून त्याच्यापुढचं दार एकेक हात लांब नेत होती. बाई काही रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली की आता एकदा उघडू, शेपूट लावू आणि बंद करू. मग बघायचं नाही.

बाईने बॅगेचं तोंड धरलं. मावशींनी पक्कड घेतली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर दुपार तापली होती आणि आत मनगट गारठत होतं. कडी सापडत नव्हती. चामड्याची पट्टी कशीबशी अडकवली, आणि मग त्यांच्या मनात आलं की एवढीशी पट्टी त्या मोकळ्या रानात कुणाला दिसणार? त्यांनी कमरेचा घराच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला. तो जुडगा झोपेतसुद्धा त्यांच्यापासून सुटला नव्हता. तो त्यांनी शेपटाला बांधला. आत वाऱ्यावर किल्ल्या वाजल्या. हा आवाज काका ओळखतील, दुसरं काही ओळखोत न ओळखोत.

"आता ओढा," बाई म्हणाली.

आणि मावशींचा हात धजेना. काय काय बंद केलं होतं या हाताने, पण नवरा आत आहे हे माहीत असताना नाही. बाईने काही घाई केली नाही. शेवटी मावशींनीच चेन ओढली, अगदी टोकापर्यंत.

मग नुसतं बसायचं. एक जण पोराच्या दप्तराची चेन घेऊन आला, त्याला त्यांनी उद्या ये म्हटलं. घड्याळवाला येऊन काका आले का विचारून गेला. बाई नखं कुरतडत होती. मावशी स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या, शब्दशः, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून. आत हे तहानलेले असतील. पायांना काटे लागत असतील. पडले तर नसतील? गुडघा आधीच दुखरा. किल्ल्या नीट बांधल्या का? गाठ सुटली असेल तर?

"एकदाच बघते," त्या म्हणाल्या.

"नाही, मावशी."

"गाठ तेवढी..."

"नाही." बाईने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

ऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर आलं तेव्हा रनर हलला. एक दात, दोन दात, मग कोपऱ्याच्या शिवणीवर येऊन अडकला. आतून हिसका बसला. मग आणखी जोरात. कापड ताणलं गेलं, नव्या चेनीचे दात वाकायला लागले. मावशी बॅगेवर ओणव्या झाल्या.

"ओढू नका," त्या चेनीला तोंड लावून म्हणाल्या. "ऐका माझं. थोडी मागे घ्या, मग पुढे."

हिसके थांबले. रनर हळूच मागे गेला, आणि अलगद पुढे आला. एवढ्या वर्षांत यांनी पहिल्यांदा ऐकलं, असं वाटून मावशींना रडूच आलं. चेन उघडली आणि एक हात बाहेर आला. लांब, हाडकुळा, तरुण हात.

ज्याने ऐकलं ते काका नव्हतेच.

बाईने तो हात धरून भावाला बाहेर ओढलं आणि त्याच्या गळ्यात पडली. तो धापा टाकत होता. त्याच्यामागे कुणीच नव्हतं. बॅगेच्या तोंडात उजेड बदलायला लागला होता. तिकडचं रान हळूहळू बाजूला सरकत होतं. भाऊ म्हणाला, एक काका होते बरोबर, किल्ल्यांचा आवाज त्यांनीच ओळखला, 'ही आमची' म्हणाले आणि मला पुढे घातलं. चेन मी ओढत होतो तोवर होते मागे.

"मावशी, बंद करावी लागेल," बाई रडत रडत म्हणाली. "सरकतंय. बंद केली तर थांबेल, ते शोधतील पुन्हा."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मावशींना ते पटलंही होतं. त्यांचा हात सवयीने रनरवर गेला सुद्धा. पण त्यांनी रनर सोडला आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले, डोळे गच्च मिटून. आत वारा होता, वाजणाऱ्या किल्ल्या होत्या, आणि बाकी काही नव्हतं. "अहो," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, घरात म्हणायच्या तसंच म्हणाल्या. "अहो, या आता."

कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेला तो पंजा त्यांनी हजारांत ओळखला असता. भाऊ, बाई आणि भिंग कपाळावर सरकवून धावत आलेला घड्याळवाला, सगळ्यांनी मिळून ओढलं आणि काका बाकड्यावर येऊन आदळले. पायांना पांढरी माती, सदरा फाटलेला, आणि चेहऱ्यावर चहाला जाऊन आल्यासारखा भाव.

मावशींचा सगळा राग एकदम वर आला.

"मागे कुठे राहिलात? तो पोरगा पुढे आला, तुमचा पत्ता नाही. काय करत होतात?"

काका जरा ओशाळले. गुडघा चोळत म्हणाले, "अगं, आणखी कुणी राहिलं नाही ना आत, ते बघून आलो."

बॅग अजून उघडीच होती आणि तिच्यातून गार वारा येत होता. ती बंद करायचं मावशींच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी खाली वाकून चपला ओढल्या आणि काकांच्या पायांपुढे ठेवल्या.

"आधी या घाला," त्या म्हणाल्या.